मैनाबाईंचं ‘हूं’

वरूडच्या रस्त्याला संत्र्याच्या कलमांच्या नर्सऱ्या एकीला एक लागून आहेत. बहुतेक नर्सऱ्या पाण्यावर चालतात, खुशालरावांची मात्र बोलण्यावर चालायची. गिऱ्हाईक फाटकातून आत आलं की त्याला आधी चहा, मग जंभेरीच्या खुंटाचं, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात त्याचं, कौतुक, मग त्याच्या गावातल्या नातेवाइकांची चौकशी आणि सगळ्यात शेवटी कलम. बिचारा घ्यायला आलेला असायचा पन्नास कलमा, आणि उठेपर्यंत दोनशेचा सौदा बोलून बसायचा.

पण बोलायला खुशालरावांना एक सोय लागे. दर एक-दोन वाक्यांनी कोणीतरी ‘हूं’ म्हणावं लागे. ते काम चौतीस वर्षं मैनाबाई इमानेइतबारे करत आल्या होत्या. हातात कणीक असो नाहीतर मातीची पिशवी, नवऱ्याचं वाक्य संपलं की त्यांचा हुंकारा बरोबर जागेवर पडे. आपण फार मोठे वक्ते आहोत असं खुशालरावांना वाटे. त्यात मैनाबाईंचा वाटा किती, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

गेल्या दोन वर्षांत घोळ असा झाला, की गिऱ्हाईक फाटकापर्यंत येईनासंच झालं. लोक मोबाईलवर पाहायचे आणि मोबाईलवरच कलमा मागवायचे. यंदा वाफ्यांमध्ये तीस हजार कलमा तयार उभ्या होत्या. मुलगा अंकुर एक दिवस जेवताना स्पष्टच बोलला.

“बाबा, पोळ्यापर्यंत कलमा उठल्या तं ठीक. नाही उठल्या तं मी इथं लॉन टाकतो, लग्नाचा. रोड-टच जागा आहे.”

खुशालरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. ज्या मातीत वडिलांनी पहिला डोळा बांधला, तिथे बँडवाले नाचणार आणि जिलेबीची कढई चढणार, हे चित्र त्यांना सहन होईना. त्या रात्री त्यांनी ताकसुद्धा घेतलं नाही.

उपाय मुलांनीच काढला, आणि एक नाही, दोन काढले. मुलगी आचल अमरावतीला एका जाहिरातीच्या कंपनीत होती. ती म्हणाली, “बाबाचा पॉडकास्ट काढू. एकदा रेकॉर्ड केलं की कायमचं राह्यते. शेतकरी ट्रॅक्टरवर आयकन, ओलीत करता करता आयकन. अन् चुकलं तं कापता येते.”

“कापलेलं कोण आयकते वं?” अंकुर म्हणाला. “लाईव्ह घेऊ, नुसत्या आवाजाचं. लोक जागेवर प्रश्न विचारतीन, बाबा जागेवर उत्तर देतीन, जागेवर बुकिंग.”

खुशालरावांनी दोघांचं ऐकून घेतलं. “म्हणजे इचा रेडिओ अन् तुही ग्रामसभा.”

“हो, तसंच समजा.”

“ग्रामसभेत खुर्च्या फेकतात, बाप्पा,” खुशालराव म्हणाले, आणि पहिला मान आचलला मिळाला.

आचलच्या मैत्रिणीची, दामिनीची, अकोल्याला जठारपेठेत रेकॉर्डिंगची खोली होती. खुशालराव धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून गेले. आवाजाच्या कामाला टोपी लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. खोलीच्या भिंतींना काळा फोम लावला होता. तो पाहून त्यांनी विचारलं, “हे अंड्याचे ट्रे कावून ठोकले भितीले?” मग दार बंद झालं. मैनाबाई काचेच्या पलीकडे राहिल्या.

खुशालरावांनी पहिलं वाक्य टाकलं. “संत्र्याचं झाड म्हणजे घरातला माणूस.” आणि थांबले. दामिनीने खूण केली, बोला. ते तसेच बसून राहिले.

“काकाजी, काय झालं?”

“तुमी काई म्हनत नाही नं. मले वाटलं, तुमाले पटलं नाही.”

शेवटी मैनाबाईंना आत घेतलं. मग मात्र गाडी अशी सुटली की दीड तास थांबली नाही. आचल खूश होऊन अमरावतीला गेली, आणि चुकलेलं कापायच्या नादात तिने आईचे सगळे ‘हूं’ काढून टाकले. एकूण दोनशे अकरा निघाले. उरलेले खुशालराव बँकेत टोकनचा नंबर पुकारणाऱ्या मशीनसारखे ऐकू यायला लागले. गावातल्या सहदेवने पहिला भाग ऐकला आणि घाईघाईने घरी आला. “भाऊ, तब्येत बरी आहे नं? नाही, तुमी कोनाचा तरी कागद वाचून राह्यले असं वाटलं.”

पंधरा दिवसांत त्या पॉडकास्टवर एकही कलम उठली नाही. पावसाळा सुरू झालेला. अंकुर एका मंडपवाल्याला घेऊन आला आणि दोघं मिळून टेपने जागा मोजू लागले. खुशालराव शेडमध्ये बसून पाहत होते. त्यांना रडू यायचं बाकी होतं. अखेर तेच म्हणाले, “बरं बाप्पा, घे तुही ग्रामसभा.”

रविवारी दुपारी चारला नर्सरीतल्या बाजेवर फोन ठेवला. एकशे साठ लोक जोडले गेले. गोंधळ नको म्हणून अंकुरने सगळ्यांचे माईक बंद ठेवले होते.

“हॅलो,” खुशालराव म्हणाले. “हॅलो. आहे का कोनी?”

“आहेत बाबा. एकशे साठ जन आहेत.”

“मंग हूं कावून नाही म्हनत? एवढे लोक अन् सारे मुके?”

दहा मिनिटं हेच चाललं. लोक एकेक करून निघून जायला लागले. शेवटी पलीकडे पिशव्यांत माती भरत बसलेल्या मैनाबाईंनाच कीव आली. हात झटकून त्या बाजेजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “हूं.”

झालं! खुशालराव सुटले. जंभेरी कशी निवडायची, भारी जमिनीत चर कुठून काढायचे, कोणत्या वाफ्यातली कलम कोणाला धार्जिणी. लोक परत येऊ लागले, आकडा दोनशेवर गेला. अंकुरने एकेकाचा माईक उघडायला सुरुवात केली, तेवढ्यात एक जाड आवाज आला.

“मी अकोटहून गोवर्धनराव बोलून राह्यलो. आठ सालं झाले, तुमच्या इथून तीनशे कलमा नेल्या होत्या. डिंक्या रोग लागला. अर्धा बगीचा उपटून फेकला मी. हे सांगा लोकायले.”

आचल नेमकी घरी आलेली होती. ती हाताची कात्री करून दाखवू लागली, काप, काप. अंकुरचा अंगठा बटनावर गेला, पण दोनशे लोकांसमोर एका माणसाचं तोंड दाबायचा त्याला धीर होईना.

खुशालराव सावरून बसले. “भाऊ, दोष जमिनीचा असन. पानी साचलं असन. आमी डोळा बांधतो तो जमिनीपासून वीतभर उंच. खाली बांधला तं डिंक्या लागनारच. पन माह्या हातून वितीच्या खाली कधी गेला नाही.”

आणि ते हुंकाऱ्यासाठी थांबले.

हुंकारा आला नाही.

त्यांनी मैनाबाईंकडे पाहिलं. त्या नखातली माती काढत होत्या. खुशालरावांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. ते जोरात म्हणाले, “कधीच नाही गेला!”

तरीही काही नाही. चौतीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. दोनशे माणसं फोनला कान लावून गप्प, आणि खुशालरावांच्या कपाळावर घाम. कारण त्यांना ते साल आता लख्ख आठवलं होतं. त्या साली खुंट वीतभर उंचीवर जाड भरलेच नव्हते. मैनाबाई म्हणत होत्या, महिनाभर थांबा. ते थांबले नव्हते. चार बोटांवर, जिथे खुंट जाड सापडला तिथे, डोळा बांधून मोकळे झाले होते. पिशव्या धरायला शेजारी याच बसल्या होत्या.

“गोवर्धनराव,” खुशालरावांचा आवाज एकदम उतरला. “खोटं बोललो मी. त्या साली खुंट बारीक होते. ही म्हने थांबा, मी आयकलं नाही. चार बोटांवर डोळा बांधला. तुमच्या जमिनीचा काई दोष नाही, माहा आहे.”

“हूं,” मैनाबाई म्हणाल्या. आणि तो हुंकारा साऱ्यांनी ऐकला.

“जेवढे झाडं गेले तेवढ्या कलमा घेऊन जा. वीत लावून मोजून न्या. वीत माही नाही, तुमची.”

मग गोवर्धनरावांनी विचारलं, “मंघापासून हूं म्हनून राह्यल्या, त्या बाई कोन?”

“आमच्या घरच्या.”

“त्याहिले म्हना, परवा येतो.”

संध्याकाळी घरात नवीनच वाद. आचल म्हणत होती, रेकॉर्डिंग लोकांना पाठवू, पण ती मधली गप्प जागा कापते, फार लांब झाली. खुशालराव ओरडले, “हात नको लावू त्याले! साऱ्या बोलण्यात तेवढंच तं खरं आहे.” मग ते जसंच्या तसं गेलं. आठ दिवसांत फाटकाशी गाड्या लागल्या. आलेला माणूस कलमेला आपली वीत लावून बघे, खुशालरावांचं बोलणं ऐकून घेई, आणि घेण्याआधी हळूच मैनाबाईंकडे पाही.

पोळ्याच्या दोन दिवस आधी शेवटचा वाफा रिकामा झाला. टेप घेऊन फिरणारा अंकुर आता जंभेरीच्या बियांचं पोतं उतरवत होता. खुशालराव बाजेवर ऐसपैस बसले.

“मले तं पैल्यापासूनच माहीत होतं,” ते म्हणाले. “लाईव्हच बरं. मीच म्हटलं होतं पोट्ट्याले.”

आणि थांबले. मैनाबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

खुशालरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हसले. “बरं वं. तुह्यामुळं झालं.”

“हूं,” मैनाबाई म्हणाल्या.