रिव्हेटची आतली बाजू

लढाऊ विमानाच्या शेपटीत पालथं पडायची वेळ माझ्यावर साठी उलटल्यावर आली, आणि तीही मी बारीक आहे म्हणून. बाकी सगळ्यांची पोटं सुटलेली. आमच्याकडच्या विमान-संग्रहालयात जुन्या विमानांची डागडुजी करायला येतात ते सगळे विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, पेंटर, वेल्डर. सकाळी ओझरहून, पिंपळगावहून स्कूटरवर येतात, चहा पितात आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवतात. इंजिन काढलेल्या त्या शेपटीच्या टोकापर्यंत त्यांच्यातला एकही जाईना. एकानं प्रयत्न केला, त्याला पाय धरून बाहेर ओढावं लागलं.

"बाईंना घालू आत," माझे यजमान म्हणाले. जसं काही मी पाना आहे.

मी शाळेत गणित शिकवायचे. घरी येणाऱ्या मुलांचं ऐकून ऐकून हेही मला बाईच म्हणू लागले, ते आजतागायत. ह्यांनी स्वतः उभा जन्म विमानाला पत्रे जोडण्यात घालवला. त्या आवाजानं कान गेले. कानातलं यंत्र कपाटात सुखरूप आहे, आणि घरात मी एकच गोष्ट तीनदा ओरडून सांगते. आता मी भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे ते त्यामुळे की मुळातच, हे शेजाऱ्यांनी ठरवावं.

कानांचं एक वेळ चालून गेलं असतं. गेल्या हिवाळ्यापासून ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. चहाची बशी वाजायची. कामावर कुणी काही बोलत नसे, पण संग्रहालयाचे साहेब एक दिवस हळूच म्हणाले, "काका, शेपटीचा हा पत्रा तुम्ही करा. पुढचं मग बघू." साहेब भला माणूस. पण "मग बघू" हे शब्द मी संस्थाचालकांच्या तोंडून पुष्कळ ऐकलेत. पत्रा बिघडला, तर ह्यांनी यापुढे विमान पुसायचं, नाहीतर सहलीला आलेल्या पोरांना माहिती सांगायची. त्या दिवशी जेवताना ह्यांनी भाजीला नावं ठेवली नाहीत. तेव्हाच काय ते मी ओळखलं.

रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा बोथट खिळा, मारणं हे दोघांचं काम. बाहेरचा माणूस हवेवर चालणारी गन रिव्हेटच्या डोक्यावर धरतो, आतला दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरतो. टोक चेपून बटणासारखं गोल झालं की पत्रा बसला. आतली बाजू बाहेरच्याला दिसत नाही आणि त्या गदारोळात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आतला पत्र्यावर ठोकून सांगतो. एकदा म्हणजे ठीक. दोनदा म्हणजे आणखी मार. तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाक. बाहेरचा पत्र्यावर तळहात ठेवतो, म्हणजे बहिऱ्यालाही कळतं. आम्ही घरी डब्याच्या झाकणावर सराव केला. इतकी वर्षं बोलून जे जमलं नाही ते झाकणावर जमलं, असं मी म्हटलंही. ह्यांना ऐकू आलं नाही.

मग एका सकाळी पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला बॅटरी बांधून, कानांवर आवाज अडवणारे गोळे चढवून मी सरपटत आत गेले. आत जुन्या रॉकेलचा वास होता आणि बरगडीला काहीतरी टोचत होतं. पहिली ओळ छान झाली. बटणं कशी एकसारखी. मी ऐटीत एकेकदा ठोकत गेले. दुसऱ्या ओळीत एक टोक तिरकं लोळलं. मी तीनदा ठोकलं. ह्यांनी तो काढला, नवा घातला, तोही लोळला. पुढचाही. रिव्हेट बदलताना बाहेर उभ्या असलेल्यांतला कुणीतरी मोठ्यानं म्हणाला, "आज हवाच कमी येतीय राव."

मी ठोकळा धरून पडले होते. हे विमान आता कधी उडायचं नाही. या बोळात पुन्हा कोण डोकावणार? उत्तरपत्रिकेत मी कधी कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही, पालक दारात येऊन बसले तरी नाही. त्या दिवशी मी लोळलेल्या रिव्हेटवर एकदाच ठोकलं. पुढच्यावरही. उरलेली अख्खी ओळ मी पास केली.

गन थांबली. मग बाहेरून तीन ठोके आले. बाहेरचा माणूस कधी ठोकत नाही, म्हणून मला वाटलं भास झाला. पुन्हा तीन आले.

गुडघे खरचटत मी उलटी बाहेर आले. ह्यांनी बाकीच्यांना चहाला पाठवलं होतं. पत्रे ठेवायच्या लाकडी घोड्यावर बसून उजवा हात डाव्या हातात दाबून धरला होता.

"किती बिघडले?"

"सगळे ठीक आहेत," मी ओरडून सांगितलं.

"बाई, गन माझ्या हातात हाय. रिव्हेट बसला का लोळला ते मनगटाला कळतं."

"मग मला कशाला विचारता?"

"ही माणसं माझं मन राखत्यात. हवा कमी हाय म्हनत्यात, पत्रा जुना हाय म्हनत्यात. तू जन्मात कधी माझं मन राखलं नाय. म्हणून तुला आत घातलं. वाटलं, तू सांगशील, म्हणजे मला थांबता येईल."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. एवढी वर्षं माझ्या तोंडाळपणाला हा माणूस कंटाळला असेल असं मी धरून चालले होते. त्याच तोंडाळपणावर त्यानं एवढा भार टाकला होता, आणि नेमका त्याच दिवशी मी गोड झाले होते.

"पहिली ओळ चांगली आहे," मी कानाशी वाकून म्हणाले. "ती खरंच चांगली आहे."

"ते ठावं हाय. दुसरी सांग."

कानांवरचे गोळे काढून ठेवून मी पुन्हा आत सरकले. ह्यांनी पत्र्यावर हात ठेवला असणार. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीपासून एकेक रिव्हेट बॅटरीनं पाहत, बोटानं चाचपत मी खरं सांगत गेले. तीन. तीन. एक. तीन. दर तीन ठोक्यांनंतर बाहेर पेन्सिलीनं फुली मारल्याचा आवाज यायचा. शेवटचा रिव्हेट किंचितच कलला होता. शाळेत अशा पेपरांपाशी मी पुन्हा पुन्हा थांबायचे. तसाच तो मी परत एकदा पाहिला, आणि तीनदा ठोकलं.

बाहेर आले तेव्हा ह्यांनी गनची नळी गुंडाळायला घेतली होती.

"साहेबांना तू सांगतीस?"

"तुमचं तुम्ही सांगा," मी म्हणाले. "मी बरोबर येते."