मंजूर केलेल्या चुका

जर्मनीत डार्मश्टाटला आमच्या खालच्या मजल्यावर एक इटालियन संगीतकार राहायचा. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने तो म्हणजे दोन माणसं होती. एकाने तरुणपणी टोपणनावाने स्वस्तातल्या सिनेमांना संगीत दिलं. घोडे, बंदुका, एक विधवा आणि शेवटी सूड. दुसरा खऱ्या नावाने मैफलीसाठी गंभीर रचना करायचा, आणि त्या वाजवायला कोणी तयार होत नसे. पहिल्याने दुसऱ्याला जन्मभर पोसलं, आणि दुसरा पहिल्याला साधी ओळखही दाखवत नव्हता.

हे सगळं मला त्याच्या जर्मन बायकोने जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं होतं. तिला अर्थातच पहिला आवडायचा. त्यांचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात त्याने एका सिनेमातल्या विधवेसाठी एक धून केली आणि सगळ्यात आधी हिला ऐकवली. तो सिनेमा रविवारी दुपारी टीव्हीवर लागला की ही आवाज मोठा करायची आणि तो बाल्कनीत जाऊन झाडांकडे बघत बसायचा. आमच्या जमिनीतून ती धून वर यायची. आम्ही जेवत असायचो, त्यामुळे कोणी मुद्दाम ऐकत नव्हतं.

गावात नव्या संगीताचं एक छोटंसं मंडळ होतं. मंडळ म्हटलं की देश कोणताही असो, अध्यक्ष, रुसवेफुगवे आणि ठराव आलेच. या मंडळात ऐकणाऱ्याला घरी जाताना काही गुणगुणता आलं, तर रचना फसली असं मानत. आमचा संगीतकार वीस वर्षं त्यांच्या शेवटच्या रांगेत बसत होता, पण त्याच्या सिनेमांची कुणकुण असल्यामुळे त्याला सभासद करून घेत नव्हते. शहात्तराव्या वर्षी अखेर त्यांना पाझर फुटला. त्याची चार तंतुवाद्यांसाठीची एक रचना वाजवायची आणि मग त्याला आत घ्यायचं की नाही ते ठरवायचं, असं ठरलं. तो मला म्हणाला होता की मेल्यावर लोकांनी मला गंभीर म्हणावं, याखेरीज मला काही नको.

अट एकच होती. वादक हाताने लिहिलेले कागद घेणार नव्हते, सगळं कॉम्प्युटरवर छापून हवं होतं. म्हणून तो वही घेऊन वर आला. मी गाड्यांच्या गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज करणारा इंजिनिअर, पण बाबा आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे, त्यामुळे सुरांची भीती नव्हती. पाश्चात्त्य लिपी एका पुस्तकावरून शिकलो आणि शनिवार-रविवार बसून एकेक सूर भरायला लागलो.

कॉम्प्युटर भरलेलं वाजवून दाखवायचा. माझी बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, बिघडलाय का तो?"

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. ओळ छान चालत यायची आणि ऐन मोक्याच्या जागी एक सूर अर्ध्या पायरीने घसरायचा. म्हाताऱ्याचा हात थरथरायचा, डोळ्यांत मोतीबिंदू. पेन्सिलीचा ठिपका रेषेवर आहे की रेषांच्या मधे, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. माझी खात्री पटली की या लिहिण्यातल्या चुका आहेत. कंपनीत एक रेष हलवायची तर तीन सह्यांचा फॉर्म भरणारा मी, इथे पन्नासेक सूर कोणालाही न विचारता सरळ केले. कान सांगेल तिथे नेऊन ठेवले. बाबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं, असं मनाशी म्हणालोदेखील.

त्यात सवयीने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ड्रॉइंगवर असते तशी चौकट केली : काढणार, तपासणार, मंजूर करणार. म्हाताऱ्याला ती फार आवडली. छपाई किती सुबक आहे असं म्हणत त्याने एकही सूर न बघता सगळ्या पानांवर 'मंजूर'च्या रकान्यात सही केली. संगीतकाराने तालमीला यायचं नाही, असा मंडळाचा नियम होता. माझ्या चुका पकडू शकला असता असा एकच माणूस, आणि तो नियमाने बाहेर.

कार्यक्रम एका चर्चच्या सभागृहात झाला. त्याची बायको माझ्या शेजारी होती. पहिली दोन मिनिटं कुरकुर, खरवड, शांतता. मग एका व्हायोलिनने सूर धरला आणि कॉम्प्युटरच्या सपाट आवाजात न ओळखलेली धून मी आता ओळखली : रविवारी जेवताना जमिनीतून यायची तीच होती ती. या माणसाने आपली सगळ्यात चांगली धून सूर वाकडे करून गंभीर रचनेत लपवली होती आणि मी इमानेइतबारे ती सरळ करून ठेवली होती. त्याच्या बायकोने माझी बाही घट्ट धरली. ती रडत होती आणि डोळे पुसायचे कष्टही घेत नव्हती. पहिल्या रांगेत म्हाताऱ्याची मान आखडून गेली होती.

मंडळाच्या रिवाजाप्रमाणे नंतर चर्चा, म्हणजे रचनेपेक्षा लांब. अध्यक्ष एक निवृत्त शिक्षक होते, आणि मे महिन्यातही त्यांच्या गळ्यात मफलर. त्यांनी बराच वेळ घसा साफ केला आणि विचारलं, हे उघडउघड सिनेमातलं संगीत आहे, तर ही बाजारू गोडव्याची थट्टा समजायची का?

म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं. आधी माझ्याकडे, मग बायकोकडे. मी मनात म्हणत होतो, नाही म्हण बाबा, एकदा तरी नाही म्हण.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "थट्टाच. असल्या सुरांवर रडणाऱ्या लोकांची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच बैठकीत त्याला सभासद करून घेतलं आणि पुढच्या वर्षासाठी नवी रचनाही मागितली. त्याची बायको कोट घालून एकटीच ट्रॅमकडे गेली. मला त्याचा असा राग आला की हस्तांदोलनासाठी पुढे केलेला त्याचा हात मी घेतला नाही.

महिनाभराने दारात नवी वही आणि चिठ्ठी ठेवलेली सापडली : इंजिनिअरसाहेब, या वेळीही तशाच चुका कराव्यात.

वही परत करायला खाली गेलो. तो मंडळाच्या बैठकीला गेला होता, दार बायकोने उघडलं. चार लोकांसमोर माणूस असं काहीबाही बोलून जातो, त्याच्या मनात तसं नसणार, असं मी कसंबसं म्हणालो.

"तो खोटं बोलला हे मला कळतं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं काढलीत त्याच्याबरोबर. पण त्या रात्री तो सभासद होऊन घरी आला ना, ती धून मला पहिल्यांदा ऐकवली तेव्हासुद्धा तो इतका खूश नव्हता."