पानात न मावलेली हद्द

रविवारी अकरा वाजता सही व्हायची होती. ती आपल्यामुळेच होणार आहे हे सुगंधाला शुक्रवारी संध्याकाळी कळलं.

सांगायला आला हर्षद, तिच्या नवऱ्याचा पुतण्या आणि मुंबईतल्या कारिवणे ग्रामस्थ मंडळाचा सेक्रेटरी. बोरिवलीला काजूपाड्यातल्या तिच्या खोलीत बसून त्यानं मोबाइलवर एका जुन्या पानाचा फोटो दाखवला.

"काकी, ओळखलंस? तुझंच काम. गावात रिसॉर्ट काढतायत ना, त्यांचा वकील विचारत होता, देवीच्या राईची हद्द कुठपर्यंत? सातबाऱ्यावर काय धड नाय. मग हे शहाण्णव सालच्या स्मरणिकेतलं गाऱ्हाणं सापडलं. हद्द चव्हाट्याच्या दगडापर्यंत. बायचं पाणी हद्दीबाहेर, म्हणजे रिसॉर्टला मोकळं! मंडळानं तसं लिहून दिलं की देऊळ नवंकोरं बांधून देतायत. झकास ना?"

पानाखाली छापलं होतं: शब्दांकन, सौ. सुगंधा दशरथ गावकर. सुगंधाच्या हातातला चहा तसाच राहिला.

कारिवणे घाटमाथ्यावर आहे. एक एसटी स्टँड, एक बाजार, आणि बाकी सगळा पाऊस. समुद्रावरून आलेला वारा तिथे डोंगराला थडकतो आणि चार महिने मुक्काम ठोकतो. लुगडी चुलीवर वाळवायची, पायाच्या जळवा मीठ लावून सोडवायच्या, आणि राईत भरदुपारीही चाचपडत चालायचं. त्या राईच्या वरच्या टोकाला बायचं पाणी. बारमाही झरा. खालच्या तिन्ही वाड्या तेच पितात, आणि नदीही तिथूनच निघते.

राईची हद्द कागदावर कधी नव्हतीच. ती गाऱ्हाण्यात होती. जत्रेला गावचा मानकरी, गावकर, उभा राहायचा आणि हद्दीवरच्या एकेका राखणदार देवाला, देवचाराला ओळीनं हाक मारायचा. लोक म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" जिथवर व्हय झालं, तिथवर कोयता लावायचा नाही. सरकारी मोजणीदार आले नि गेले, पण ह्या मोजणीवर कुणी हरकत घेतली नाही.

मुंबईत हे गाऱ्हाणं दशरथ घालायचा; नावं कुणी लक्षात ठेवत नव्हतं, सगळे नुसतं व्हय म्हणायचे. गिरणी गेल्यावर तो अंधेरीच्या एका कारखान्यावर वॉचमन झाला, सुगंधा तिथल्याच औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. तीस वर्षं तिनं गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरल्या. जास्त झालं की काढायचं आणि झाकण लावायचं, ही हाताची सवय. मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघाली. दशरथनं तोंडानं सांगितलं, सातवी शिकलेल्या सुगंधानं लिहून काढलं. प्रेसवाला म्हणाला, एकाच पानात बसवा, पुढच्या पानावर मिठाईवाल्याची जाहिरात आहे. तिनं शेवटची चार नावं काढली आणि झाकण लावलं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याला वाचता येत होतं कुठे! आता तो जाऊन तीन वर्षं झाली होती.

हर्षदला तिथल्या तिथे का सांगितलं नाही? कारण ती चार नावं तिला आठवेनात.

शनिवार तिचा त्यातच गेला. कांदा चिरताना दोन आली, तिसऱ्याला गाडी अडली. गावी तरी कुणाला विचारणार? गाऱ्हाणं घालणारे पुरुष गेले, आणि नव्यांनी ह्याच छापील पानावरून पाठ केलेलं. चूक करावी ती इतकी पक्की!

रविवारी मंडळाचा हॉल भरला होता. पुरुष पुढे, बायका मागे चहाच्या पिंपाशी. टेबलावर कागद होता. मंडळाचे अध्यक्ष अनिरुद्ध परब, पंचाहत्तरीचे, चष्मा पुसून पेन उघडत होते.

"थांबा." सुगंधा उठली.

"वहिनी, चहा मागाहून," परब म्हणाले. दोघंतिघं हसले.

"चहा गेलो खड्ड्यात. ह्या गाऱ्हाण्याचा शेवट मी कापलंय. चव्हाट्याच्या फुडे आनी चार नावा होती. पान पुरूक नाय म्हनान काढलंय."

हर्षदचा चेहरा पडला. "काकी, अठ्ठावीस वर्षांनी आठवलं? लोक म्हणतील, रिसॉर्ट नको म्हणून बनवतेय. आणि काकाचं नाव आहे त्यावर!"

"काकाचं नाव आहे म्हणूनच बोलतेय. तो खोटं बोलला नाही, मी कापलं."

"मग सांग नावं."

"बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं," परब गुरगुरले.

"मग तुम्ही घाला, भावोजी. येतं?"

परबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

सुगंधा पुढे आली. दोनशे डोळे. "जांभळीकडल्या राखणदारा," ती म्हणाली. "हमालांच्या इसाव्याच्या दगडा." घाटातून मीठ वाहून आणणारे ज्यावर टेकायचे तो दगड. आणि पुढे अंधार. शनिवारी अडली होती तिथेच.

"झालं?" हर्षदनं विचारलं. त्याचा हात कागदाकडे गेला.

सुगंधानं डोळे मिटले. नावं सोड, तिनं स्वतःला बजावलं, चाल. लग्नाआधी रोज ह्याच वाटेनं ती राईबाहेरच्या सुक्या लाकडांची मोळी वरच्या वाडीतल्या माहेरी न्यायची. तिचा उजवा हात आपोआप डोक्याकडे गेला, मोळी सावरायला. दगडापासून चढ. चढावर धाप. डावीकडे कारवी, पाय निसरतो, आणि मोळी टेकायला... हां! गोऱ्या साहेबानं बंगला बांधला, चौथ्या पावसाळ्यात छप्पर गेलं, साहेबही गेला. उरला तो चौथरा गावानं हद्दीत घेतला.

"सायबाच्या चौथऱ्यावरल्या देवचारा!" तिचा आवाज चढला. आणि चौथऱ्यावर मोळी टेकली की तहान लागायचीच. "आनी बायच्या पाण्यावरल्या माये! थयपर्यंत तुझी राय, ती तू राख!"

ती थांबली. गाऱ्हाण्याला उत्तर मिळालं नाही तर ते हवेत जातं. पंखे फिरत होते. मागून व्हय आलं नाही, पुढूनही नाही.

"व्हय म्हाराजा."

हर्षद होता. लहानपणापासून काकाच्या मागे उभं राहून दिलेलं उत्तर तोंडातून निसटलं आणि त्यानं जीभ चावली. पण निघालं ते निघालं. पाठोपाठ सगळ्या हॉलनं आवाज दिला, पिंपापाशी बायकांनी सर्वांत मोठा. परबांनी पेनाचं टोपण लावलं. देवीसमोर व्हय म्हणून खाली सही उलट करायची, एवढी छाती कारिवण्याच्या माणसात नाही.

"वाट लागली," हर्षद कपाळ चोळत पुटपुटला. "काकी, देऊळ गेलं. आणि तो वकील विचारणारच, लिहिलेलं कुठाय?"

"तो कागद उलट कर. पेन घे."

"अगं, सभेची जेवणं वाढलीयेत."

"वाढूदेत. चारही नावं लिही. खाली लिही की आधी सुगंधानं कापली होती." तिनं खुर्ची ओढली. "आणि पान पुरलं नाही तर दुसरं घे."