बोट काही खिळ्याला अडकवता येत नाही

आमच्या बिल्डिंगचा वॉचमन महिपत याच्याविषयी गोड गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मी काशीनाथ, सोसायटीचा सेक्रेटरी. मी खरं तेच लिहिणार. आणि खरं सांगू? त्याला बघितलं की माझ्या पोटात दुखतं.

आमची सागरवैभव भायंदर पूर्वेला, केबिन रोडपासून चालत सात मिनिटांवर. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. खालच्या पॅसेजमध्ये महिपतचं टेबल आणि टेबलामागे भिंतीवर एक फळी. फळीला सोळा खिळे. इथल्या पाण्याचा काय भरवसा? कधी पहाटे येतं, कधी भर दुपारी, कधी दीड दिवस येतच नाही. घरोघरी नवरा-बायको दोघंही नोकरीवर. मग जाताना जो तो आपली चावी महिपतच्या खिळ्याला अडकवून जातो. पाणी आलं की हा गडी चाव्या घेऊन वर पळतो, पिंपं भरतो, नळ बंद करतो, कुलूप लावून खाली येतो. कुणाच्या बेसिनखाली गळतंय, कुणाची सून माहेरी गेलीय, सगळं ह्याला पाठ. एवढ्या वर्षांत एका घरातली एक वाटी इकडची तिकडे झालेली नाही, हेही मला लिहावंच लागेल.

मी विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. दिवसभर घरीच. म्हटलं, लोकांच्या चाव्या सांभाळायला माझ्याहून लायक माणूस कोण? बोर्डावर नोटीस लावली: ‘सभासदांनी घराच्या चाव्या सेक्रेटरींकडे, खोली १०२ मध्ये, दिल्या तरी चालतील.’ दोन महिने नोटीस लटकली. एक चावी आली असेल तर शपथ! उलट कुणीतरी तिच्याच टाचणीला गॅसवाल्याची चिठ्ठी अडकवली.

परक्यांचं सोडा. माझी बायको, शुभदा, तीही बाजारात जाताना चावी महिपतकडे देते.

“अगं, मी घरात आहे ना?”

“तुम्ही दुपारी झोपलात की दारात ढोल वाजवला तरी उठत नाही. मधेच उठून कुठे गेलात तर कुलूप कशाने लावाल? दुसरी चावी कुणी हरवली?”

हरवली मीच, कबूल! पण माझ्या घराची चावी मी घरात असताना दुसऱ्याच्या खिळ्याला? तळपायाची आग मस्तकात जायची.

बरं, हा महिपत कोण, कुठला? पोलादपूरकडचा. बिल्डिंग बांधायला आला होता, बिगारी म्हणून. ह्याच भिंतींच्या विटा त्याने डोक्यावरून वाहिल्या. काम संपलं, बाकीचे पांगले, हा सिमेंटच्या गोण्या राखायला राहिला तो राहिलाच. बायको आशा गावी शेत बघते. शिमग्याला चार दिवस तिकडे जाऊन येतो. त्या चार दिवसांत सोळाच्या सोळा घरं माझ्याकडे येऊन विचारतात, “महिपत कधी येणार?” माझी तब्येत आजवर एकाने विचारली नाही.

दोन हजार सातची गोष्ट. शेजारच्या बिल्डिंगमध्ये भर दुपारी चोरी झाली आणि आमच्या मीटिंगमध्ये ठरलं, खालच्या दाराला इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवायचं. चेअरमन रसिकभाई म्हणाले, “काशीनाथजी, आप ही देख लो.” मी तर टपूनच बसलो होतो. दार आपलं आपण उघडायला लागलं की वॉचमन कशाला पाळायचा? पुढच्या मीटिंगला मी तोच ठराव मांडणार होतो. लिहूनसुद्धा ठेवला होता.

कंपनीचा निकेत नावाचा पोरगेलासा इंजिनियर तीन नमुने घेऊन आला. पहिलं कार्डाचं. मशीनला कार्ड दाखवलं की दार उघडतं. मी म्हटलं, नको. लोक कार्ड महिपतकडे ठेवून जातील. दुसरं आकड्यांचं, चार आकडे दाबायचे. मी म्हटलं, तेही नको. आठवडाभरात सोळा घरं महिपतला आकडे सांगून मोकळी होतील. तिसरं बोटाचं. काचेवर बोट ठेवा, रेषा जुळल्या की दार उघडलं.

“काका, हे रहिवासी सोसायटीत अजून कुणी फारसं घेत नाही. ऑफिसात चालतं. कार्डच घ्या, मी सांगतो.”

“मला बोटाचंच हवं,” मी म्हटलं. बोट काही कुणी महिपतच्या खिळ्याला अडकवून जाणार नाही!

रविवारी सकाळी सगळ्यांची बोटं नोंदवायचं ठरलं. पॅसेजमध्ये रांग लागली. पहिलं बोट माझं. हिरवा दिवा लागला, आणि मी महिपतकडे बघितलं. तो बिचारा सतरंजी झटकून बायकांना बसायला देत होता.

मग शुभदा आली. तिने बोट ठेवलं. लाल दिवा. दुसरं ठेवलं. लाल. निकेतने काच पुसली, तिचं बोट पुसलं, पुन्हा लाल. दहाही बोटं झाली.

“काकू, रेषाच उमटत नाहीत हो. पार झिजल्यात.”

“काहीतरीच काय!” मी खेकसलो. “मशीन बिघडलंय तुमचं.”

“मशीन बरोबर आहे, साहेब,” मागून महिपत बोलला. “वहिनींच्या बोटांना भेगा पडल्यात. भांड्यांच्या पावडरीनं होतं. मागं मी केबिन रोडवरून मलम आणून दिलं होतं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं त्यांना.”

पॅसेजमध्ये एवढी माणसं, पण मला कुणी दिसेना. मलम? कधी? मी शुभदाकडे बघितलं.

“चावी देताना रिंगमधून निघत नव्हती,” ती खाली बघत म्हणाली. “त्याने बघितलं आणि विचारलं, हाताला काय झालं. म्हणून.”

तीस वर्षं ह्या हातचं जेवतोय मी. चहा हातात घेतोय. आणि विचारलं कुणी, तर त्याने! त्या क्षणी मला त्याचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. आणि रागावू तरी कोणत्या तोंडाने?

महिपतचं बोटही नोंदलं गेलं नाही. विटांनी त्याच्याही रेषा कधीच खाल्ल्या होत्या. निकेत म्हणाला, ज्यांची बोटं लागत नाहीत त्यांच्यासाठी आत एक बटण देतो, पण ते दाबायला दिवसभर कुणीतरी बसायला हवं.

“तो फिर महिपत तो चाहिए ही,” रसिकभाई म्हणाले. “भाभी बाहर खड़ी रहेगी क्या?”

खिशातला ठराव मी तिथेच चुरगळला.

कुलूप बसलं. हिरवं-लाल चमकतं, सगळे कौतुक करतात. खिळ्यांवरच्या चाव्या मात्र तशाच आहेत, कारण पाणी काही बोट बघून येत नाही. आता दुपारची झोप मी सोडलीय. शुभदा बाजारात गेली की महिपतच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसतो. खाली येताना खिशात मलमाची ट्यूब असते. मी आणलेली. दार तिला मीच उघडणार, असं मी त्याला बजावून ठेवलंय.

बटण त्याच्या हाताशी आहे, पण तो दाबत नाही. मी पेपरात डोकं घालून बसलेला असतो. रस्त्यावर अजून कुणी दिसतही नसतं, आणि हा चपलांच्या आवाजावरून म्हणतो, “उठा साहेब, वहिनी आल्या.”

मी उठतो, बटण दाबतो. पण तिचा पाय वाजलेला अजून त्यालाच आधी कळतो.