एकोणनव्वदवर रुतलेले युनूसभाई

युनूसभाईंनी टोपी काढली. घड्याळ काढलं. खिशातला मोबाईल, एक पाना आणि दोन नट माझ्या टेबलावर ठेवले. पट्ट्याला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या, पट्ट्यानं काही होत नाही." ते वजनकाट्यावर चढले. एकोणनव्वद किलो चारशे ग्रॅम.

"तुमचा काटा खराब हाय, म्याडम."

"आधी तर चांगला होता."

"सात हप्त्यांपासून खराब हाय. एकच आकडा दाखवून राहिला."

मी आखाडा बाळापूरमध्ये एका संस्थेच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. लोकांनी काय आणि किती खावं हे सांगण्याचा मला पगार मिळतो. युनूसभाईंचं वारंगा फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, गेट, खिडक्या. वय सत्तेचाळीस. बेंबीशेजारी हर्निया. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला फट पडते आणि आतलं आतडं तिथून फुग्यासारखं बाहेर डोकावतं. नांदेडच्या सर्जननी त्यांना सरळ सांगितलं होतं, "फटीवर जाळी शिवावी लागेल. पण या पोटावर शिवली तर टिकणार नाही. शहाऐंशीवर या, मग करू. तोपर्यंत काही उचलायचं नाही."

तेव्हा वजन होतं नव्व्याण्णव. आणि ज्याला काही उचलायचं नाही त्या वेल्डरनं करायचं काय? धाकटा भाऊ गेट उचलायचा आणि युनूसभाई खुर्चीवरून सूचना द्यायचे. "मी दुकानातला पंखा झालो, म्याडम," ते म्हणायचे. "जागच्या जागी फिरतो अन्‌ हवा टाकतो."

डॉक्टरांना विचारून त्यांनी सायकल सुरू केली. रोज सकाळी घरून दुकान आणि दुपारी परत. एका बाजूला पाऊण तास, हायवेच्या कडेकडेनं. चार महिन्यांत दहा किलो गेले. मग वजन थांबलं ते थांबलंच.

याला आमच्याकडे प्लॅटो म्हणतात. म्हणजे पठार. उतरतं वजन एका जागी सपाट होतं. थोडंफार हे सगळ्यांचंच होतं. ट्रॉलीतला माल कमी झाला की ट्रॅक्टरला डिझेल कमी लागतं. तसंच माणूस हलका झाला की त्याच अंतराला ताकद कमी लागते. जेवण मात्र तेवढंच राहतं, आणि एक दिवस खर्च आणि आवक बरोबरीत येतात. पण सात आठवडे एक पावशेरही हलू नये, तेही रोज सायकल मारणाऱ्याचं? हे काही मला पटेना.

ऑपरेशनची तारीख सहा आठवड्यांवर होती. ती हुकली की पुढची कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. आणि मध्येच आतडं त्या फटीत अडकलं तर जिवावरचं काम होतं.

माझा संशय ठरलेला होता. मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. पामतेलाविरुद्ध, रंगीत पाण्याच्या बाटल्यांविरुद्ध, लेकरांच्या हातात पाच रुपयांचं विष देणाऱ्या चकचकीत पुड्यांविरुद्ध. या कंपन्यांनी फाट्याफाट्यावरची एकही टपरी सोडलेली नाही आणि यांना जाब विचारणारं कोणी नाही. युनूसभाईंच्या घरातही यांचाच कोणीतरी एजंट शिरलेला असणार. मी आमचे डॉ. खंदारे सर यांना तसं सांगितलं.

"पुरावा?" सर म्हणाले.

"सापडेल."

"आधी सापडू दे, मग चीड."

पहिली तपासली ती त्यांची जेवणाची वही. पेशंटनं दिवसभरात जे खाल्लं ते लिहायचं, अशी आमची पद्धत आहे. युनूसभाईंची वही म्हणजे नमुना होता. "दोन भाकरी, तुरीची दाळ, मेथी." "एक भाकरी, अंडी दोन." रविवारी "मटण, बोट्या चार. एक भावानं जबरदस्ती वाढली, म्हणून पाच." चार-पाचचा फरक लिहिणारा माणूस खोटं कशाला लिहील? पण मी म्हटलं, घर बघितल्याशिवाय नाही.

त्यांच्या घरी गेले तर कपाटाच्या दारावर आमच्या संस्थेचं पत्रक चिकटवलेलं. मी लिहिलेलंच. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मग स्वयंपाकघरात शिरले. तेलाचा डबा उघडला, तर घाण्याचं तेल. बिस्किटं नाहीत. बाटली नाही. फरसाण नाही. रुख्सानाभाभी, म्हणजे त्यांच्या मिसेस, कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"पलंगाखाली पन बघा म्याडम. पोलीस बघतेत तसं."

"तसं नाही भाभी. वजन का थांबलं ते शोधतेय."

"मग त्यांच्या पोटात बघा. माझ्या डब्यात काहून बघून राहिल्या?"

मी हात हलवत परत आले. सर म्हणाले, "जेवण बरोबर असेल तर सायकल खोटी असेल. जा त्यांच्यासोबत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातल्या सिस्टरची सायकल मागून घेतली. युनूसभाई पुढे, मी मागे. ते संथ वेगात, एका लयीत निघाले. ओळखीचा दिसला की घंटी वाजवायचे. मी पहिल्या चढालाच उतरले. एक ट्रकवाला "ढकला ताई, ढकला!" असं ओरडून गेला. वारंगा फाटा दिसला तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता आणि युनूसभाई दुकानाचं शटर वर करून भावाशी बोलत होते. सायकल शंभर टक्के खरी होती.

मी खुर्चीत कोसळले. युनूसभाईंनी हत्यारांच्या पेटीतून एक स्टीलचा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"घ्या म्याडम. तुमाला जरुरत हाय."

आत शेंगदाण्याचे लाडू होते. एकेक लाडू क्रिकेटच्या चेंडूएवढा. तुपानं डबा चमकत होता.

"हे काय आहे?"

"टॉनिक."

"रोज खाता?"

"रोज. एकदा बी चुकवलं न्हाई."

"मग वहीत का नाही?"

"ती जेवणाची वही हाय ना? सकाळची बीपीची गोळी बी न्हाई लिहीत मी त्याच्यात." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमीच सांगितलं की."

"मी कधी सांगितलं?"

युनूसभाई ताठ उभे राहिले आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखं म्हणून दाखवलं, "पावडरचे डबे फेका! घाम गाळणाऱ्याचं खरं टॉनिक शेंगदाणा, गूळ अन्‌ तूप! प्रत्येक मेहनतीनंतर मूठभर! कंपनी नको, कढई हवी!"

शब्दन्‌शब्द माझा. कपाटावरचं पत्रक. गावोगाव प्रोटीन पावडरचे महागडे डबे विकणारा एक माणूस फिरत होता, त्याच्यावर चिडून मी एका बैठकीत लिहिलं होतं. शेवटच्या ओळीचा तर मला फार अभिमान होता.

"मूठभर लिहिलंय," मी कशीबशी म्हणाले. "हा चेंडू आहे."

युनूसभाईंनी मूठ आवळून लाडवाशेजारी धरली. तीस वर्षं घण मारलेली मूठ. लाडू तंतोतंत तेवढाच होता. "रुख्सानानं माप घेऊन बनवले. खाणार मी, तर मूठ माझीच ना?"

"बरं. दिवसाला किती?"

"तुमचा कागद आला तवापासून दोन. इथं पोचल्यावर एक, घरी गेल्यावर एक, डबा माझ्या संगंच असतो. मग वजन अडकलं. म्हणून मी संध्याकाळची एक फेरी वाढवली. आता चार."

"चार!"

"मेहनत वाढली तर टॉनिक वाढंल का न्हाई? बराबर हाय ना?"

बराबरच होतं. एक लाडू मी दवाखान्यात आणून वजन केला. नव्वद ग्रॅम. एका बाजूला पाऊण तास सायकल मारून जेवढं जळत होतं, ते सगळं एका लाडवात परत येत होतं आणि वर थोडं उरत होतं. माणूस जितका जास्त सायकल मारेल तितका जास्त खाईल, असा बंदोबस्त मी छापून दिला होता. शिवाय त्याच पत्रकात "मेहनतीनंतर पुरेशी विश्रांती" असंही होतं. तेही ते पाळत होते. संध्याकाळची फेरी सुरू झाल्यापासून दुपारी दोन तास झोप. आधी त्या वेळात ते निदान अंगणात येरझाऱ्या तरी घालायचे.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सापडलं," मी म्हटलं.

"कोण? तेलवाले का पुडीवाले?"

"पत्रकात चूक आहे."

"कोणाच्या?"

"संस्थेच्या."

"मनीषा."

"माझ्या."

सर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. फक्त म्हणाले, "मग जा, सांग."

सांगायला गेले तर रुख्सानाभाभींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "असं तोंडी न्हाई चालायचं."

"भाभी, ऑपरेशनचा प्रश्न आहे."

"मला न्हाई का कळत? पन तुमचा कागद बघून मी लाडू केले. माझे बघून नणंदेनं केले. नणंदेचे बघून सगळ्या गल्लीनं केले. शेजारचा मुजीब तर सायकल बी मारत न्हाई, नुसता लाडू खाऊन राहिला. आता मी सांगू, म्याडमचं मन बदललं? बाया म्हणतील, रुख्साना कंजूष झाली. तुमी छापलं होतं. आता चुकलं म्हणून बी छापा."

पामतेलवाल्यांकडून मी पाच वर्षं हेच मागत आले आहे. चूक छापून कबूल करा. एकानंही केलं नाही. आता माझ्यावर पाळी आली तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं ते हेच की, छापलंच पाहिजे का?

छापलं. मथळा दिला, "आमची चूक". खाली लिहिलं की लाडू घरचा असो की दुकानाचा, पोट विचारत नाही. वजन उतरवायचं असेल तर दिवसाला एकच लाडू, लिंबाएवढा. कच्चा मजकूर भाभींना वाचून दाखवला.

"कोणतं लिंबू?" भाभी म्हणाल्या. "आमच्या अंगणातल्या झाडाला मोसंबीएवढी येतेत."

"सुपारीएवढा लिहू?"

"मग कोण खाईल? गोळी वाटंल."

शेवटी मी पत्रकावर खऱ्या मापाचा एक गोल छापला. "लाडू या गोलात मावला पाहिजे." भाभींनी पहिलं पत्रक हातात आलं तसं जमिनीवर अंथरलं, त्यावर एक लाडू ठेवला, दोन पायांवर बसून चारी बाजूंनी बघितला आणि बोटानं कड चेपली. पास.

युनूसभाईंचं पुढचं काम साधं होतं. दिवसाला गोलातला एक लाडू. वाढवलेली फेरी बंद. दुपारची झोप वीस मिनिटं, बाकी वेळ चालतं-फिरतं राहायचं. जेवण तसंच, फक्त रात्रीची एक भाकरी कमी. आणि वहीत तोंडात जाईल ते सगळं, बीपीच्या गोळीसकट. पहिल्या आठवड्यात काटा हलला नाही. युनूसभाई माझ्याकडे बघत राहिले आणि मी भिंतीकडे. दुसऱ्या आठवड्यात सहाशे ग्रॅम गेले. मग जातच राहिले.

तारखेच्या दिवशी वजन भरलं शहाऐंशी किलो तीनशे ग्रॅम. वरच्या तीनशे ग्रॅमसाठी सर्जन माघारी पाठवतील या धास्तीनं मी नांदेडला सोबत गेले. वजनाचा कागद दाखवून प्लॅटो कसा असतो ते समजावायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, मला पोट शिवायचंय, तोलायचं नाही. दाखल करा."

जाळी बसली. तीन महिने काही उचलायचं नव्हतं, तेही युनूसभाईंनी शब्दन्‌शब्द पाळलं. भाभी सांगतात की पाण्याचा तांब्यासुद्धा ते आणून मागायचे, आणि यात डॉक्टरांचा सल्ला किती अन्‌ आळस किती ते भाभींना अजून कळलेलं नाही. चौथ्या महिन्यात त्यांनी भावाबरोबर एका गेटचं एक टोक उचललं.

मी पत्रकं लिहिणं सोडलेलं नाही. कंपन्यांवरचा राग अजून तेवढाच आहे. फक्त आता छपाईआधी मजकूर एखाद्या घरात वाचून दाखवते आणि एकच प्रश्न विचारते, हे वाचून उद्या सकाळी तुम्ही नेमकं काय कराल? उत्तर ऐकून निम्म्या ओळी खोडाव्या लागतात. जो आपलं ऐकत नाही त्याच्यासाठी कसंही लिहिलं तरी काही बिघडत नाही. जो ऐकतो त्याच्यासाठी माप लिहावं लागतं.