रिपेरीला गेलेला गेम

आमच्या गणपतीच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडून काढल्या तरी दुसऱ्या दिवशी तेवढ्याच जमतात. एक प्लास्टरची पावडर आणि दुसरे किस्से! पावडर निदान डोक्यावरून पाणी घेतलं की जाते. किस्से मात्र चहाच्या वेळेला कोणीतरी पुन्हा काढतंच आणि दरवेळी त्यांना थोडा जास्तीचा रंग चढतो. रंग चढवणं हा आमचा धंदाच आहे, त्याला कोण काय करणार!

तर हे किस्से त्या वर्षीचे, जेव्हा पेणमध्ये घरोघरी केबल आली आणि तिच्या मागोमाग टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. आम्ही दिवसभर कारखान्यात मूर्ती घडवायचो आणि संध्याकाळी घरी जाऊन पोरांना घडवायचो. मूर्ती फार छान व्हायच्या.

*

सुरुवात केली प्रकाशने. प्रकाश आमचा आखणीवाला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणारा. अख्खा कारखाना राबतो आणि शेवटी नाव आखणीवाल्याचं होतं, त्यामुळे जगात नजर फक्त आपल्यालाच आहे असं त्याचं ठाम मत.

त्याची मोठी बहीण शोभाताई रोह्याला दिलेली. तिच्या अमोलला वडिलांनी हौसेने गेम आणून दिला आणि अमोल जेवायचं विसरला. शोभाताईने ओरडून पाहिलं, टीव्ही बंद करून पाहिला. शेवटी मेच्या सुट्टीत भाऊ आला तेव्हा तिने गेम पिशवीत भरून त्याच्या हातात दिला आणि लेकाला सांगितलं, "बिघडलाय. मामा पेणला रिपेरीला नेतोय."

"मग कधी मिळेल?" अमोलने विचारलं.

"गणपतीत. देवाशपथ!"

शोभाताई देवाची शपथ उगाच घेणारी बाई नव्हे. एसटी सुटताना ती खिडकीशी येऊन प्रकाशला म्हणाली, "प्रक्या, गणपतीत गेम माझ्या दारात पायजे. नायतर तू येऊ नको!"

प्रकाशने मान डोलावली. आखणीवाल्याला वाटलं, यात काय आहे एवढं?

*

प्रकाशने गेम लपवायला आणला होता. पण घरी त्याच्या तुषारने "बाबा, हे काय?" असं विचारलं आणि प्रकाश "काही नाही" म्हणेपर्यंत वायर टीव्हीला जोडून झाली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन त्याने मला गाठून सगळ्यांनाच व्याख्यान दिलं. "गेम वाईट नाही वहिनी, लोकांना कळत नाही. पोरांच्या बोटांना वळण लागतं. उद्या तुषार आखणीला बसला की बघा हात कसा स्थिर राहतो!" बहिणीने जे विष म्हणून दिलं ते भावाच्या घरी एका रात्रीत टॉनिक झालं होतं.

आमच्या कारखान्याचे मालक नाना एकदा मुद्दाम त्याच्या घरी जाऊन बघून आले. आल्यावर प्रकाशजवळ जाऊन अगदी मायेने म्हणाले, "प्रकाश, तो पोरगा सगळं अंगठ्यानेच करतो रे. तू डोळे अंगठ्याने काढतोस काय?"

प्रकाशच्या बायकोला मात्र वळण वगैरे नको होतं. तिने गेम घराबाहेर काढला. प्रकाश म्हणाला, "पोरांना वाटून खेळायला शिकवलं पाहिजे," आणि त्याने तो मोठ्या मनाने मंदाला दिला.

*

मंदा पेणजवळच्या जोह्याची. रोज एसटीने यायची आणि मूर्तींना बॉडी कलर मारायची. हात एवढा झपाट्याचा की समोर उभं राहणाऱ्याने जरा जपूनच उभं राहावं. तिची शिस्तही तशीच, एका फटक्यात.

"माजा नेम साधा हाय," तिने आम्हाला सांगितलं. "दिसाला एकच गेम. एक संपला का बंद! दुसरा लावला तर मी हाय न् तो हाय."

आता गेममध्ये खोचायची जी कॅसेट होती, तिच्यावर लिहिलेलं होतं की आत हजारो गेम आहेत. प्रत्यक्षात सात-आठच. बाकीचे सगळे एकाच साच्यातून काढून नुसता रंग बदललेले! त्याला नावं ठेवायला आम्हाला तोंड नव्हतं, आमचा कारखानाही तसाच चालतो.

मंदाच्या कल्पेशने आईचा शब्द पाळला. त्याने रणगाड्यांचा एक गेम लावला. जेवायची वेळ झाली की बटण दाबून रणगाडे थांबवायचा, जेवून आला की पुन्हा चालू. शाळेत जाताना थांबवले, आल्यावर चालू. झोपताना थांबवले. टीव्ही बंद करायला गेलं की ओरडायचा, "आये, गेम अजून संपला नाय! तूच बोल्लीस ना, एकच?"

तीन दिवस मंदाच्या घरात बातम्या नाहीत, मालिका नाही, नुसते उभे रणगाडे. शेवटी लाईट गेली तेव्हा तिने पदर पसरून वीजवाल्यांना आशीर्वाद दिला. आमच्या पंचक्रोशीत त्यांना आशीर्वाद देणारी ती एकमेव बाई!

*

दर रविवारी कारखान्यातला फोन वाजायचा. रोह्याहून अमोल. "मामा, गेम रिपेर झाला?"

प्रकाश पहिल्या रविवारी म्हणाला, "पार्ट मिळत नाही." दुसऱ्या रविवारी म्हणाला, "पार्ट मुंबईहून मागवलाय." पुढच्या रविवारी तो पार्ट जपानहून निघाला होता. त्यानंतर अमोलनेच विचारलं, "मामा, बोट कुठवर आली?"

प्रकाशने आमच्याकडे बघितलं. मंदा ब्रश न थांबवता म्हणाली, "सांग त्याला, धरमतरच्या बंदराला लागली!"

हसलो आम्ही, पण तेव्हापासून प्रकाशच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसायला लागली. पोरगा बोटीची वाट बघत बसला होता आणि गणपती जवळ येत होते.

*

मंदाकडून गेम दत्तूकडे गेला. दत्तू आमचा साचेवाला. त्याने कुणाचंच ऐकलं नाही. "आपल्याला नियमबियम नाय जमत. कुलूप! अभ्यास झाला का मी सोता काढून देनार." त्याने गेम लोखंडी ट्रंकेत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. देशाची तिजोरीही एवढ्या बंदोबस्तात नसेल.

दत्तूला मुलगी एकच, संगी. बापाच्या मांडीवर बसून साचे बघत वाढलेली. बाप दुपारी आंघोळीला गेला, किल्ली खुंटीवर राहिली. संगीने शाडूच्या गोळ्यात किल्ली दोन्ही बाजूंनी दाबली, साचा घेतला, प्लास्टर ओतलं आणि किल्ली तयार!

एवढंच झालं की प्लास्टरची किल्ली कुलपात फिरवली आणि कुलपातच मोडली. मग ना संगीला ट्रंक उघडता येईना, ना दत्तूला. दत्तू तिला बडवायलाच निघाला होता. पण तेवढ्यात त्याला तो साचा दिसला. तो उचलून उजेडाकडे नेला, उलटा करून बघितला, कडेवरून बोट फिरवलं.

"दाते बघा कसे उठलेत," तो आम्हाला साचा दाखवत म्हणाला. साचा तो कारखान्यात घेऊन आला होता! "पन येडी पोर. किल्लीला कुनी प्लास्टर वापरतं काय? पितळ नको?"

*

कुलूप फोडून गेम निघाला तो माझ्याकडे आला. मी मूर्तींचे दागिने रंगवते, त्यामुळे बारीक काम मला जमतं असा माझा समज होता. शिवाय आमचे हे रोह्याच्या कंपनीत. अमोलच्या वडिलांच्याच खात्यात, म्हणजे घरच्यासारखेच, त्यामुळे आमच्याकडे गेम जास्त सुरक्षित, असं प्रकाशने ठरवलं.

ह्यांचा नियम कंपनीसारखा. फर्स्ट शिफ्टवरून हे घरी येईपर्यंत टीव्ही लावायचा नाही. आणि आल्यावर इन्स्पेक्शन! बूट काढायच्या आधी हे टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून बघायचे. गरम लागला की आमच्या लेकाची, निलेशची, शिफ्ट सुरू. घरात देव्हारा होता, पण हात पहिला टीव्हीला लागायचा.

आमचा निलेश लहानपणापासून कारखान्यात बघत आलेला. शाडूची मूर्ती तडकू नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं टाकतात, मूर्ती छान गार राहते. मुलगा हुशार. एक दिवस बाबा यायच्या आधी त्याने खेळ थांबवला आणि तेच ओलं फडकं टीव्हीवर पसरलं. चांगलं निथळतं.

हे आले, हात ठेवला आणि खूश झाले. "बघ, गार आहे! पोराला शिस्त लागते, लावणारा पाहिजे."

टीव्ही गार होता. तो अजून गारच आहे.

*

त्यानंतर आम्ही सगळ्या आईबापांनी कारखान्यातच सभा घेतली आणि गेम नानांच्या ताब्यात दिला. नानांकडे मॅचसाठी ठेवलेला एक छोटा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता. नानांनी योजना काढली. पोरांनी गणपतीपुढचे उंदीर रंगवायचे, पाटीभर उंदीर झाले की अर्धा तास गेम. "पोरं कामाला लागतील आणि खेळावर मर्यादाही येईल," नाना म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. अशा योजनांना आम्ही नेहमीच टाळ्या वाजवतो.

पोरं कामाला लागली हे खरंच. उंदरांचा पूर आला. काही उंदरांना एकच डोळा, काहींना मिशा पाठीवर. गणपती कमी आणि उंदीर जास्त झाले, म्हणून प्रत्येक मूर्तीबरोबर एक उंदीर फुकट द्यावा लागला.

एक रिटायर्ड गुरुजी मूर्ती बघायला आले होते. चष्मा सारखा करून म्हणाले, "नाना, उंदराने देवाकडे बघायला हवं. हा दाराकडे बघतोय!"

नाना म्हणाले, "त्याची पाटी झाली गुरुजी. त्याला गेम खेळायला जायचंय."

*

गुरुजी गेल्यावर मात्र नाना भडकले. "बंद! आता गणपतीपर्यंत बंद!" त्यांनी गेममधून कॅसेट उपटली आणि लपवली. कुठे, ते कुणालाच सांगितलं नाही. "कॅसेटशिवाय गेम म्हणजे नुसता डबा. आणि कॅसेट अशा जागी ठेवलीय, की पोरांच्या बापालाही सापडायची नाही!"

हे शेवटचं मात्र शंभर टक्के खरं ठरलं.

चतुर्थी चार-पाच दिवसांवर आली तेव्हा प्रकाश म्हणाला, "नाना, द्या आता. रोह्याला जायचंय."

नाना हसले. "गणपतीच्या पोटात आहे! प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर रबर लावलं, काथ्यात गुंडाळली आणि तळ प्लास्टरने बंद केला. ओल लागायची नाही."

"कुठल्या गणपतीच्या?"

"तळाला खडूने फुली केलीय. बघ."

तेवढ्यात मंदाच्या हातातला ब्रश पहिल्यांदाच थांबला. "नाना, ती फुली व्हय? मी पुसली. समद्यांच्या तळाला रंग मारला. घान दिसत हुता."

समोर मांडणीवर ओळीने गणपती बसले होते. एकच साचा, एकच उंची, एकच चेहरा, त्यावर प्रकाशने काढलेले एकसारखे डोळे. त्या दिवशी पहिल्यांदा प्रकाशला आपली आखणी आवडली नाही.

मग आम्ही एकेक मूर्ती उचलून कानाशी हलवायला लागलो. काथ्यात गुंडाळलेली कॅसेट कशाला वाजतेय! मूर्ती न्यायला आलेल्या एका बाईंनी बघितलं, तर तीन मोठी माणसं गणपतीच्या पोटाला कान लावून उभी. "काय ऐकताय?" त्यांनी विचारलं. दत्तू म्हणाला, "काय नाय, आशीर्वाद!" त्या बाईंनीही हात जोडले आणि आपली मूर्ती घेऊन गेल्या. मांडणी रिकामी होत गेली. गाड्या भरून गणपती निघाले, कोलाडला, नागोठण्याला, मुंबईला, आणि प्रत्येक गाडीमागे प्रकाश रस्त्यापर्यंत जाऊन उभा राहायचा. मला तेव्हा त्याचं हसू येईना. बहीण तशी एकच होती त्याला.

*

दीड दिवसाच्या विसर्जनाला आम्ही दोघं आणि प्रकाश रोह्याला गेलो. प्रकाश जायला तयारच नव्हता. ह्यांनी त्याला धरून एसटीत बसवला.

अमोल दारातच उभा. "मामा, बोट आली?"

प्रकाशने गेमचा डबा पुढे केला. अमोलने उघडून बघितला. "कॅसेट?"

शोभाताई ओटीवर आली. हातात आरतीचं ताट होतं, पण नजर भावावर. "प्रक्या, मी देवाशपथ बोल्लीय हां त्याला."

प्रकाशने मखराकडे हात केला. "कॅसेट ना... ती बाप्पाकडेच आहे, अमोल. बाप्पा देईल."

शोभाताईचं तोंड लाल झालं. अमोल मात्र खरंच मखरासमोर जाऊन बसला, हात जोडून, डोळे मिटून. मूर्ती आमच्याच कारखान्यातली, दरवर्षीप्रमाणे शोभाताईचे यजमान, भावोजी, स्वतः पेणहून घेऊन आलेले. उंदीर दाराकडे बघत होता.

संध्याकाळी कुंडलिका नदीवर गेलो. आरती झाली. भावोजी मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले, शेजारी अमोल. एकदा बुडवली, दुसऱ्यांदा बुडवली. तिसऱ्यांदा मूर्ती पाण्यात सोडली तेव्हा तळ दगडावर आपटून फुटला असावा, कारण खालून बुडबुडे आले, मग काथ्याचा एक बोळा आला आणि त्याच्या मागून फुगलेली एक प्लास्टिकची पिशवी वर आली. रबर लावलेली. ती तरंगत तरंगत अमोलच्या पोटाला लागली.

अमोलने पिशवी उघडली. कॅसेट कोरडी ठणठणीत! शोभाताईने ताट खाली ठेवलं आणि गुडघे टेकून नदीला नमस्कार केला. उठली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. लेकाला ओढून ती भावोजींना म्हणाली, "आजपासून ह्याला गेमवरून कोनी बोलायचा नाय! देवाने दिलाय!"

मी प्रकाशकडे बघितलं. प्रकाश पाण्याकडे बघत होता.

मग कोणीतरी आरोळी दिली, "गणपती बाप्पा मोरया!"

"पुढच्या वर्षी लवकर या!" सगळा घाट ओरडला.

आणि सगळे थांबल्यावर, कमरेएवढ्या पाण्यातून, एकटा अमोल ओरडला, "आणि येताना दुसरी कॅसेट आणा!"