जपानी बत्ता

रात्रभर रिपरिपणारा पाऊस सकाळीही लंडनच्या हॅरोवर तसाच रेंगाळला होता. धुणं वाळायची आशा नव्हती. पण सुलक्षणा घोरपडेला आज धुण्याचं पडलं नव्हतं, चक्क्याचं पडलं होतं. दसऱ्याचं श्रीखंड. रात्री टांगलेल्या दह्याचं पाणी अजून सुटत होतं, म्हणून तिनं पुरचुंडी चाळणीत ठेवली, वर ताटली दिली आणि ताटलीवर जपानी बत्ता.

बत्ता तिच्या वडिलांचा, आबांचा. साताऱ्याकडचे हवालदार, मराठा पलटणीतनं ब्रह्मदेशात लढून आलेले. येताना मुठीएवढा हा लोखंडी ठोकळा घेऊन आले. अंगभर चौकोनी खाचा, डोक्यावर पितळेची टोपी. "जपानी बत्ता हाय. ठोकायचा न्हाई," एवढं त्यांनी बजावलं. पितळ चेपेल म्हणून जपत असतील, असं सगळ्यांनी धरलं. आबा गेल्यावर, सुलक्षणा विलायतेला निघाली तेव्हा, आईनं तो खलाबरोबर तिच्या पेटीत घातला. खल कधीच तडकला. बत्ता मात्र चक्क्यावर बसायचा, लोणच्याच्या फोडींवर बसायचा आणि खंडेनवमीला सुरी-कात्रीच्या रांगेत हळदकुंकू लावून घ्यायचा.

कालच्या पूजेचा फोटो सून वैभवीनं काढला होता. आता तिचाच ऑफिसातून फोन आला.

"आई, तो बत्ता कुठंय?"

"चक्क्यावर. का गं, तुझ्या हापिसात काय कुटायचंय?"

"अहो, हात लावू नका त्याला. माझ्या स्क्रीनवर फोटो बघून कलीग पांढराफटक पडला. लढाईतल्या जुन्या वस्तू जमवतो तो. तो हँड ग्रेनेड आहे, आई. जपानी."

"कायतरीच. आबांचा बत्ता हाय त्यो."

"आई, प्लीज. मी पोलिसांना कळवलंय. चपला घाला आणि बाहेर पडा."

तासाभरात गल्ली रिकामी झाली. टोकाला फीत बांधून पोलीस उभे. शेजारीपाजारी छत्र्यांखाली, आणि त्यांच्यात सुलक्षणा, हाताला दही तसंच. वैभवी मेट्रोपॉलिटन लाइननं धावत आली आणि सासूचा दंड धरून उभी राहिली.

लष्कराचा सार्जंट घरातून बाहेर आला. तिच्याशी बोलायला तो बागेच्या बुटक्या भिंतीवर टेकला.

"मिसेस घोरपडे, तुम्ही हा कधी कशावर आपटलात?"

"नाही. वडिलांनी सांगितलेलं."

"बरं झालं." त्यानं मुठीनं हवेत दाखवलं. "आमच्या बॉम्बला दांडी असायची, हातातनं सुटली की उडायची. जपान्यांच्या ह्याला दांडी नाही. पिन काढायची, टोपी हेल्मेटवर नाहीतर बुटावर ठोकायची, की आत वात पेटते. आधीच्या बनावटीची वात लांब होती, कारण तो छोट्या नळीतूनही उडवायचे. हा नंतरचा, खास हातानं फेकायचा. चार-पाच सेकंद." त्यानं मूठ खाली घेतली. "तुमच्या ह्याला पिन नाही. टोपी आत गेलीय. हा ठोकलेला आहे. जंगलातल्या ओलीनं वात पेटली नसेल."

सुलक्षणानं विचारलं, "कुणी ठोकला?"

"वडिलांना कुठं मिळाला?"

"एका जखमी जपानी पोराच्या हातातनं सोडवून घेतला, म्हणायचे."

सार्जंटनं ओल्या रस्त्याकडं पाहिलं. "मग फेकायला नसेल ठोकला. शरण जायचं नाही, अशी त्यांना शिकवण. शेवटचा एक स्वतःसाठी ठेवायचे. ठोकून पोटाशी धरायचे."

तिला दसऱ्याचं अंगण दिसत होतं. नारळ फोडायची वेळ आली की आबा उठून बाहेर जायचे. दगडावर टक् वाजलं की कुडापाशी पाठमोरे उभे, ओठ हलत. आळी हसायची, पलटणीतला हवालदार अन् नारळाला भितोय. तीही हसायची. आई म्हणायची, देवाचं नाव घेत्यात.

"वैभवी," ती हळूच म्हणाली, "आबा मोजत व्हते गं."

"काय मोजत होते?"

"एक, दोन, तीन, चार." तिनं दह्याचा हात पदराला पुसला. मग सार्जंटला विचारलं, "असलं घरात का ठेवलं त्यांनी?"

"विझला असं समजले असतील. कितीतरी जण समजले."

वाळूच्या पेटीतून बत्ता मैदानाकडं गेला. थोड्या वेळानं धप्प आवाज आला आणि गल्लीतल्या काचा थरथरल्या. विझलेला नव्हता. वैभवीनं सासूच्या खांद्यात तोंड खुपसलं. चक्क्यावर, लोणच्यावर, नातवंडं खेळायची त्या टेबलावर. सुलक्षणा काचा थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.

घरात शिरल्यावर वैभवी चाचरत म्हणाली, "आई, नारळ फोडायचा राहिलाय."

"ऱ्हाऊ दे."

चक्क्याची पुरचुंडी चाळणीत सैलावून पडली होती. तिनं फडकं पिळून पुन्हा गाठ मारली, ताटली ठेवली, फडताळातून कणकेची पिशवी काढली आणि ताटलीवर अलगद टेकवली. खाली पातेल्यात पाणी ठिबकू लागलं.